खोटी शिकवण ओळखायला शिकवणारा अभ्यासक्रम: सातवा पाठ गाळून घ्या

ज्यांना फक्त निकाल हवा त्यांच्यासाठी आधीच सांगते: घ्या, पण सातवा पाठ गाळा आणि सोबतची प्रसंग-कार्डं काही झालं तरी गाळू नका.

संस्थेचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि त्या मी त्यांना ईमेलने कळवल्या आहेत. ख्रिस्ती मंडळीची एकी आणि खोट्या शिकवणीपासून सावधगिरी या विषयावरचे अभ्यासक्रम हल्ली ढिगाने मिळतात. तुमच्या हातात दुसरा कुठला असला, तरी तो घेण्याआधी काय तपासावं याचा अंदाज यातून येईल.

मी पाळक नाही, ईश्वरविज्ञानही शिकलेली नाही. नोकरी हिशेब तपासायची आणि मंडळीत बायबल अभ्यासाचा गट माझ्याकडे. गटात दोघंजण लग्नामुळे दुसऱ्या पंथातून आलेले. एक भाऊ आठवडाभर मोबाईलवर कुणा ना कुणाचे उपदेश ऐकतो आणि सभेला आला की "पण ते ब्रदर तर असं सांगतात" इथूनच सुरू होतो. असा गट असला की हा विषय टाळून चालत नाही.

एकंदर आठ पाठ. प्रत्येकाचा साधारण अर्ध्या तासाचा व्हिडिओ, एक अभ्यासपुस्तिका, गट चालवणाऱ्यासाठी वेगळी मार्गदर्शिका आणि जाड कागदाच्या कार्डांची पेटी. पहिले दोन पाठ योहान १७ आणि इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय यांवर आहेत. ठीक आहेत. हे सगळं आपण उपदेशांतून ऐकलेलंच असतं, आणि वक्ता फार संथ बोलतो. दीडपट वेगाने लावले तरी चालतील.

खरा अभ्यास तिसऱ्या पाठात सुरू होतो. इथे त्यांनी एकाच मंडळीचा माग काढलाय, इफिसच्या. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये पौल मिलेतला थांबून इफिसच्या वडिलांना (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना) बोलावून घेतो आणि सांगतो की मी गेल्यावर क्रूर लांडगे शिरतील, आणि तुमच्यातूनही माणसं उठतील. बाहेरून येणाऱ्यांबद्दल सगळेच बोलतात; "तुमच्यातूनही" हे मात्र वडिलांच्या तोंडावर सांगितलंय. मग १ तीमथ्य: तीमथ्याला इफिसातच ठेवलंय, कारण काहीजण भलतंच शिकवायला लागलेत. आणि शेवटी प्रकटीकरण २. तिथे हीच मंडळी स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांना पारखून खोटं ठरवते, त्याबद्दल तिची वाहवा होते आणि लगेच पुढे तिला सांगितलं जातं की तू आपली पहिली प्रीती सोडलीस. आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशी फटकन म्हणाल्या, "म्हणजे पहारा चोख, पण घरात कुणी कुणाशी बोलत नाही!" त्या संध्याकाळी व्हिडिओपेक्षा हे वाक्यच जास्त चघळलं गेलं.

इथे एक संधी मात्र पुस्तिकेने घालवली. त्याच अध्यायात थुवतीराची मंडळी आहे. तिची प्रीती वाढतेय, सेवा वाढतेय, त्याचं कौतुक होतं. आणि ती स्वतःला संदेष्टी म्हणवणाऱ्या ईजबेलीला खपवून घेते म्हणून बोलणीही खाते. इफिसच्या नेमकं उलट. पुस्तिकेने हे एका ओळीत उरकलंय. गट चालवणाऱ्यांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

चौथा पाठ सगळ्यात सरस. योहानाचं दुसरं आणि तिसरं पत्र. दोन्ही इतकी लहान की घाईत पानाबरोबर उलटून जातात. दुसऱ्यात "वडील" बजावतो की ख्रिस्त देहाने आला हे न मानणारे फसवे लोक फिरताहेत. ही शिकवण सोडून कुणी दारात आला तर त्याला घरात घेऊ नका. तिसऱ्यात तोच "वडील" दियत्रेफसावर नाराज आहे, कारण तो फिरतीवरच्या भावांना घरात घेत नाही, घेणाऱ्यांना अडवतो आणि मंडळीबाहेर काढतो. एका पत्रात दार लावा, दुसऱ्यात दार लावणाऱ्याची कानउघाडणी. मार्गदर्शिकेत याची पार्श्वभूमी नीट दिली आहे: तेव्हा मंडळ्या घरांत भरत, फिरते शिक्षक पाहुणचारावर जगत, त्यामुळे घरात घेणं म्हणजे त्याच्या कामाला हातभार लावणं. मग प्रश्न येतो की तुमच्या मंडळीत दार कोण लावतं, आणि कशासाठी? दुसऱ्या पत्रात कारण ख्रिस्ताबद्दलचं आहे. दियत्रेफसाला पहिला मान हवा होता. शिकवणीच्या नावाखाली खुर्ची सांभाळणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली असतील.

आता कार्डं. एकेका कार्डावर एक विधान किंवा प्रसंग असतो, आणि गटाने मिळून ते तीन ढिगांत लावायचे: ज्यावर सुवार्ताच उभी आहे ते, ज्यावर मंडळ्या वेगळ्या झाल्या पण एकमेकांना भाऊबंद मानतात ते, आणि ज्याचं त्याचं मत. वाचायला पोरखेळ वाटतो. करायला बसलात की घाम फुटतो.

"पुत्र हा देवाने निर्माण केलेला पहिला आणि सर्वश्रेष्ठ जीव" हे कार्ड एका मिनिटात पहिल्या ढिगात गेलं, चौथ्या शतकात हेच शिकवणारा एरियस कोण हे माहीत नसतानाही. अमुक दिवस पाळावा की नाही, हे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाच्या आधारे तिसऱ्यात. प्रभूच्या येण्याची तारीख सांगणाऱ्याचं कार्ड आलं तेव्हा मार्गदर्शिकेतून विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाची गोष्ट वाचली. त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता, तो आला आणि गेला. ज्या प्रभूने तो दिवस कुणालाच ठाऊक नाही असं सांगितलं, त्याच्याच नावाने तारखा देणं काही आजचं नाही.

बाळांच्या बाप्तिस्म्याच्या कार्डावर मात्र बाचाबाची झाली. एका काकांनी ते पहिल्या ढिगात ठेवलं. लग्न होऊन आलेल्या ताईने उचलून दुसऱ्यात ठेवलं. काकांनी परत पहिल्यात. असं बराच वेळ. शेवटी ताईने विचारलं, "काका, मग माझा बाप्तिस्मा झालाय की नाही?" काकांना उत्तर देता येईना, आणि कार्ड दुसऱ्या ढिगात राहिलं. मन वळलं असं मी म्हणणार नाही. पण समोर बसलेल्या माणसाला भाऊबंदांच्या यादीतून काढायला हात धजला नाही. कार्डांची खरी करामत हीच. मोबाईलवर ज्याला दोन शब्दांत पाखंडी ठरवता येतं, तो इथे समोर बसून चहा घेत असतो.

उलटंही घडलं. "आजार बरा होत नाही म्हणजे विश्वास कमी" हे कार्ड कुणीतरी सहज तिसऱ्या ढिगात टाकलं, ज्याचं त्याचं मत म्हणून. ज्याच्या घरी कित्येक वर्षं दुखणं आहे त्या भावाने ते उचलून पहिल्यात ठेवलं. "हे मत नाही. हे ऐकून माणसं औषध बंद करतात." मार्गदर्शिकेने इथे २ तीमथ्य ४:२० दाखवलंय. त्रफिम आजारी होता आणि पौल त्याला मिलेतला ठेवून पुढे गेला. त्रफिमाचा विश्वास कमी होता असं पौल कुठेही म्हणत नाही. हे वचन आमच्यापैकी बहुतेकांनी कधी थांबून वाचलं नव्हतं.

पाचवा पाठ इतिहासाचा. अर्धा पक्का, अर्धा कच्चा. एरियसच्या शिकवणीवरच्या वादासाठी भरलेली ३२५ सालची नायसियाची परिषद चांगली मांडली आहे. बायबलमधली पुस्तकं नायसियाने मतदानाने ठरवली ही लोकप्रिय थाप ते स्पष्ट खोडून काढतात, आणि नव्या कराराच्या आजच्या सत्तावीस पुस्तकांची यादी एरियसला विरोध करणारा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते हेही सांगतात. परिषदेने वाद मिटला नाही, अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलपर्यंत रस्सीखेच चालली, हे सगळं आलंय. बहुमत बाजूने असणं आणि बरोबर असणं यातलं अंतर गटाला आपोआप कळलं.

४५१ च्या खाल्सेदोनच्या परिषदेला (ख्रिस्त एकच, पण त्याचे स्वभाव दोन, दैवी आणि मानवी, असा तिचा ठराव) मात्र गाडी घसरते. तो ठराव न मानणाऱ्या कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन मंडळ्यांना एका झटक्यात "पाखंडी" म्हणून पुढे गेलेत. त्या मंडळ्या ख्रिस्ताला पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य मानतात, आणि आपल्यावर मारलेला शिक्का त्यांना कधीच मान्य नव्हता. १९७३ साली पोप पॉल सहावे आणि कॉप्टिक पोप शनूदा तिसरे यांनी ख्रिस्ताविषयीच्या विश्वासाच्या एकत्र जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पंधरा शतकं चिकटलेलं लेबल दोन्हीकडच्या माणसांनी बसून तपासलं, याहून चांगलं उदाहरण या अभ्यासक्रमाला कुठे मिळणार होतं? त्याचा साधा उल्लेखही नाही.

आणि मग ते वाक्य. पाठाच्या शेवटी रंगीत चौकटीत छापलंय: आवश्यक बाबींत एकी, अनावश्यक बाबींत मोकळीक, सर्व बाबींत प्रीती. खाली नाव संत ऑगस्टीन. ऑगस्टीनच्या लिखाणात हे वाक्य नाही. ते सतराव्या शतकातलं आहे. रूपर्टस मेल्डेनियस या टोपणनावाने लिहिणाऱ्या जर्मन लुथरन पेटर माइडरलिनच्या लॅटिन पुस्तिकेत ते १६२७ च्या सुमारास येतं. वाक्य चांगलं आहे, मी स्वतः वापरते. पण "ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय पुढे ढकलू नका" हे शिकवणाऱ्या पुस्तिकेत ही चूक? बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात पडताळून पाहिलं, हे याच पुस्तिकेत तीन ठिकाणी लिहिलंय.

सहावा पाठ यरुशलेमच्या सभेवर, म्हणजे प्रेषितांची कृत्ये १५. सुंतेवरचा वाद, पेत्राची साक्ष, याकोबाचा निर्णय. निर्णय कळवताना नुसतं पत्र न देता यहूदा आणि सीला यांना सोबत पाठवलं, कारण पत्राला प्रश्न विचारता येत नाहीत, हा मुद्दा वक्त्याने छान काढला. ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकून मोकळे होणाऱ्यांनी हा पाठ दोनदा पाहावा.

आता सातवा. पाठाचं नाव "आजचे खोटे शिक्षक", आणि आत नावांची यादी. वक्ते, चळवळी, काही अख्खे पंथ. प्रत्येकापुढे दोनतीन वाक्यं, काहींच्या व्हिडिओचे पाचदहा सेकंदांचे तुकडे. कुठल्या उपदेशातलं, कधीचं, आधी-नंतर काय बोललं, काही नाही. त्या माणसाला कुणी जाऊन विचारलं का, हेही नाही. वडिलावरचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय घेऊ नये, असं १ तीमथ्य ५:१९ सांगतं. तट पाडणाऱ्याला एकदोनदा बोध करावा आणि मगच दूर राहावं, असं तीताला लिहिलंय. मत्तय १८ ची पायरी, आधी एकट्याने जाऊन बोलायची, तर सर्वांना पाठ आहे. यादीत एकही पायरी दिसत नाही. माझ्या कामात असा कागद आला तर मी त्यावर सही करत नाही, आणि यावरही केली नाही. पाठ निम्म्यावर बंद केला. उपदेश ऐकणाऱ्या भावाला अर्थात तोच सगळ्यात आवडला होता.

त्याऐवजी प्रेषितांची कृत्ये १८ घेतलं. अपुल्लोस उत्तम वक्ता, शास्त्रात पारंगत, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक. प्रिस्किल्ला आणि अक्विला त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगतात. पुढे करिंथात "मी अपुल्लोसाचा" म्हणणारा गट निघतो, तरी पौल अपुल्लोसाला विरोधक ठरवत नाही. मी लावलं, त्याने पाणी घातलं, असं लिहितो.

आणखी एक मोठी उणीव म्हणजे पैसा. आठ पाठांत खोटा शिक्षक ओळखायच्या कसोट्या सगळ्या शिकवणीच्या, पैशाची एकही नाही. दिदाखे या अगदी सुरुवातीच्या काळातल्या लिखाणात ती रोखठोक आहे: फिरता प्रेषित एक दिवस, गरज पडली तर दोन दिवस राहील; तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना वाटेपुरती भाकर घेईल. पैसे मागितले तर खोटा. २ पेत्र २ मध्येही लोभ येतोच. ख्रिस्ताचं देवपण बिनचूक सांगून खिसे कापणारा माणूस या अभ्यासक्रमाच्या चाळणीतून आरामात पास होईल.

आठवा पाठ धावता. १०५४ च्या फुटीत रोम आणि कॉन्स्टँटिनोपलने एकमेकांवर घातलेले बहिष्कार १९६५ मध्ये मागे घेतले गेले, विश्वासाने नीतिमान ठरण्याबद्दल लुथरन आणि कॅथलिकांचा संयुक्त जाहीरनामा १९९९ मध्ये झाला, हे येतं. १५२९ ला मारबुर्गमध्ये लुथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत होऊन प्रभुभोजनाच्या एकाच मुद्द्यावर अडले, हेही येतं. आमच्या काकांना ते फार जिव्हाळ्याचं वाटलं.

किरकोळ बाबी. कार्डांवरची अक्षरं बारीक, वयस्कर माणसांना चष्म्यानेही वाचवत नाहीत. एकाने मोठ्याने वाचायचं ठेवा. व्हिडिओचा आवाज चांगला. पुस्तिका मोबाईलवर उघडली की वचनांचे आकडे एकात एक घुसतात, म्हणून छापील प्रतच मागवा. मदतीसाठीचा क्रमांक आहे आणि तिथे माणूस बोलतो. ऑगस्टीनच्या वाक्याबद्दल "पुढच्या आवृत्तीत पाहतो" म्हणाले. सातव्या पाठाबद्दल लिहिलेल्या ईमेलला उत्तर आलेलं नाही. पुढच्या गटासाठी पेटी पुन्हा काढणार आहे, यादीची पानं काढून.