तीन वर्षं आधी इसार, ऐन वेळी भाववाढ: अलास्कातल्या गाइडेड शिकारीचा अनुभव

शिकारीहून परत येऊन सात महिने झाले. मुद्दाम उशिरा लिहितोय. जाण्याआधी लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता, आणि आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसते डोंगर.

मी अमेरिकेचा नागरिक, पण अलास्काचा रहिवासी नाही. अशा माणसाला तिथे डॉल मेंढा (डोंगरातला पांढरा रानमेंढा), तपकिरी अस्वल किंवा पहाडी बकरा यांची शिकार करायची तर परवानाधारक गाइड सोबत लागतो. नाहीतर तिथे राहणारा जवळचा नातेवाईक. आमच्या नात्यागोत्यात इंजिनिअर पोत्याने आहेत, अलास्कात एकही नाही. म्हणजे आउटफिटर, अर्थात गाइडपासून तंबू-विमानापर्यंत शिकारीची सगळी सोय विकणारा व्यावसायिक, गाठण्यावाचून गत्यंतर नाही. मला हवा होता डॉल मेंढा.

त्यांच्याकडेही जागा मोजक्याच असतात. एका नोंदणीकृत गाइडला जास्तीत जास्त तीन क्षेत्रांत काम करता येतं. त्यात गेल्या दशकभरातल्या वाईट हिवाळ्यांनी मेंढ्यांची संख्या बरीच घटली आहे. (पुढे, माझं बुकिंग झाल्यानंतर, 2023 मध्ये तर अलास्का रेंज या पर्वतरांगेच्या पश्चिमेचा 19-सी हा विभाग बाहेरच्या शिकाऱ्यांना मेंढ्यांसाठी पाच वर्षं बंदच झाला.) शिवाय कोविडमध्ये कॅनडाची सीमा ऑगस्ट 2021 पर्यंत बंद होती, तेव्हा तिकडच्या शिकारीचं बुकिंग केलेले बरेच जण पुढच्या वर्षांवर ढकलले गेले, म्हणजे तिकडेही रांगच. मी 2022 च्या जानेवारीत फोन केला तेव्हा मिळालेली पहिली तारीख होती ऑगस्ट 2025.

भाव ठरला 22,500 डॉलर. निम्मे, म्हणजे 11,250, लगेच भरले.

नोव्हेंबर 2024 मध्ये पत्र आलं: आता 27,000. वाढ थेट वीस टक्के. कारणं तीन दिली होती, विमानाचं इंधन, विमा आणि 'सरकारी फी'. पहिली दोन मला मान्य आहेत. तिथे रस्ता नाही, सुपर कब हे दोन माणसांचं चिमुकलं विमान नदीकाठच्या गोट्यांवर उतरतं, आणि अशा धंद्याचा विमा स्वस्त असूच शकत नाही. पण सरकारी फी? बाहेरच्या शिकाऱ्याचं लायसन्स 160 डॉलर आणि मेंढ्याचा टॅग (एका जनावराची परवानगी) 850 डॉलर, हे दर 2017 मध्ये वाढले ते तेवढेच आहेत. आणि ते मी स्वतः वेगळे भरतो, त्यांच्या खिशातून जात नाहीत.

फोन केला. आउटफिटर शांतपणे म्हणाला, "आज नवीन येणाऱ्याला मी तीस हजार सांगतो. तुम्हाला तरी स्वस्तात पडतंय." मग त्याने कराराचं सातवं कलम काढायला सांगितलं. होतं तिथे, सामानाच्या वजनाची मर्यादा आणि मद्यपानाचा नियम यांच्या मधोमध एक ओळ: शिकारीच्या वर्षीचा दर लागू राहील. खाली माझीच सही. तिथे लेखी करार कायद्यानेच लागतो. तो होता, मीच नीट वाचला नव्हता. बुकिंग एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "हे सगळेच करतात." त्याचं कमिशन आउटफिटरकडून येतं, हे तेव्हा लक्षात आलं. सहलीचा विमाही काढला होता. तो आजारपण, अपघात वगैरेंसाठी. भाववाढीसाठी नाही.

आपल्याकडे इसार दिला की भाव बांधला जातो. इथे इसाराने फक्त रांगेतली जागा बांधली. माझे 11,250 डॉलर जवळजवळ तीन वर्षं त्याच्याकडे बिनव्याजी होते आणि माघार घेतली तर तेही बुडणार होते. मी भरले. बायकोने एवढंच विचारलं, "अहो, मेंढा सोन्याचा आहे का?"

आता शिकारीबद्दल. हंगाम 10 ऑगस्टला उघडतो. विमानातून उतरलेल्या दिवशी शिकार करायची नाही असा नियम आहे, म्हणून दोन दिवस आधीच सोडलं. गाइड जेमतेम तिशीतला, पण त्याच्यासारखा माणूस मी कुठल्याच कामात फारसा पाहिलेला नाही. सहाव्या दिवशी पावसात एक नर दिसला. कायद्यात बसायला शिंगाचा पूर्ण वेढा हवा, किंवा दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली हवीत, किंवा वय किमान आठ वर्षं. वेढा थोडक्यात कमी होता. गाइड ओल्या दगडांवर पालथा पडून चाळीस मिनिटं दुर्बिणीतून शिंगावरची वर्षांची वळी मोजत राहिला. मधूनच बाहीने भिंग पुसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. शेवटी म्हणाला, "सात. कदाचित आठ." आणि दुर्बीण मिटली. कदाचितवर गोळी नाही.

पुढचे चार दिवस फक्त माद्या आणि पिल्लं दिसली. मी रिकाम्या हाताने परतलो, आणि त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. डोंगर काय देईल याची जोखीम मी उघड्या डोळ्यांनी घेतली होती. पेट्रोलच्या भावाची जोखीम मात्र मी घेतलेली नव्हती, ती माझ्या गळ्यात मारली गेली.

गाइडला पाचपैकी पाच. जेवण, तंबू, विमान: चार. ऑफिसला दोन, तेही हिशोब चोख होता म्हणून. कोणी बुकिंग करत असाल तर आधी विचारा की पूर्ण पैसे आगाऊ भरले तर दर बांधून मिळेल का. काहीजण देतात. निदान वाढीला टक्क्यांची कमाल मर्यादा तरी लिहून घ्या. आणि भाव वाढला तर इसार परत घेऊन बाहेर पडण्याची मुभा मागा. आणखी एक: ऐन वेळी कोणी गळलं की ती जागा कमी दरात निघते. रजा चटकन मिळत असेल तर तीन वर्षं थांबण्यापेक्षा तो मार्ग बरा.

गेल्या महिन्यात 2029 चा फॉर्म आला, जुन्या गिऱ्हाइकांना प्राधान्य म्हणून. सातवं कलम जसंच्या तसं होतं. मी त्यावर पेनाने आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि परत पाठवला. अजून उत्तर नाही. चेक लिहून खणात ठेवलाय.