ब्लूज ऐकायचा तर कुठे? वांद्र्याचा स्टुडिओ की कर्जतकडचं शेत

जानेवारी उजाडला की ठाणे-नवी मुंबईतल्या गिटारवेड्यांच्या ग्रुपवर एकच खल सुरू होतो. यंदा एकच तिकीट परवडणार असेल तर ते कुठलं काढायचं? वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत फेब्रुवारीत होणाऱ्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलचं, की कर्जत, मुरबाड, शहापूर पट्ट्यात कुणाच्या तरी शेतावर होणाऱ्या मुक्कामी मैफिलीचं? दोन्हीकडे नाव ब्लूजचंच, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या गाण्यांतून आलेल्या संगीताचं. शेताच्या पोस्टरवर जोडीला ‘रूट्स’, म्हणजे लोकसंगीत, असंही छापलेलं असतं. प्रत्यक्ष हाती पडतं ते मात्र अगदी वेगळं.

माझं मत आधीच सांगून मोकळा होतो. अँप्लिफायरवरचा, ड्रम्स-बास घेऊन येणारा ब्लूज छपराखाली ऐकावा. लाकडी गिटार, स्लाइड (बोटात नळी घालून तारेवर घसरत वाजवणं), माउथ ऑर्गन आणि आपल्याकडचं लोकसंगीत असा बेत असेल तर शेत गाठावं. उलटं केलंत तर दोन्हीकडे निम्मे पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

बाकीचे पर्याय पटकन निकालात काढू. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम मोठ्या नावांसाठी ठीक. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले तिथेच झालं. पण ब्लूजमध्ये वादकाची बोटं दिसली पाहिजेत, आणि स्टेडियममध्ये दिसतो तो पडदा. ठाण्यात उपवन तलावाकाठी संस्कृती आर्ट फेस्टिव्हल भरतो. तिथे घरच्यांना घेऊन जरूर जा. सगळ्या प्रकारचं थोडं थोडं मिळतं, मात्र ब्लूजच्या आशेने जाऊ नका. नाशिकचा सुलाफेस्ट २००८ पासूनचा, द्राक्षमळ्यातल्या खुल्या रंगमंचावर होणारा. जागा झकास, पण ठाण्याहून दीडशेच्या आसपास किलोमीटर आणि मध्ये कसारा घाट. शिवाय तिथे संगीताइतकाच वाइनचाही मान असतो. येऊरला कुणी स्पीकर लावून ‘जंगल गिग’ करत असेल तर मी पाऊलही टाकणार नाही. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे बिबटे आहेत, वारली पाडे आहेत, आणि बंगल्यांतल्या रात्रीच्या धिंगाण्याला पाड्यांवरचे लोक केव्हाच कंटाळलेत.

राहिले दोनच पर्याय, वांद्रे आणि शेत.

कापसाच्या रानातून शिकागोला

ब्लूज मूळचा शेतावरचाच. अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या मजुरांचा. ब्लूजमधला मोठा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स तिथल्याच क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हल मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ साली लोकगीतं गोळा करणारा अ‍ॅलन लोमॅक्स रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन तिथे पोहोचला, तेव्हा हा माणूस लाकडी गिटारवर एकटा गात होता. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात लाकडी गिटार कुणाला ऐकूच जाईना, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. आज आपण ज्याला ‘कडक ब्लूज’ म्हणतो तो असा, चार भिंतींत आणि गर्दीवर मात करण्यासाठी घडला.

बडी गाय या गिटारवादकाचीही तीच वाट. १९३६ साली लुइझियानात लेट्सवर्थला बटाईने शेती करणाऱ्या घरात जन्म, आणि १९५७ मध्ये शिकागो. महिंद्रा ब्लूज २०११ साली सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी तो वांद्र्यात वाजवून गेला, पुढेही आला. वाजवता वाजवता मंचावरून उतरून थेट लोकांत शिरायची त्याची जुनी सवय. ही गंमत बंदिस्त जागेतच रंगते, कारण तो गर्दीत कुठेही गेला तरी आवाज तुमच्या अंगावरच येत राहतो. शेतावर तो पाठ फिरवून पन्नास पावलं गेला की मागच्यांच्या वाट्याला फक्त रातकिडे.

म्हणून वांद्र्याची बाजू सरळ आहे. मुख्य मंच स्टुडिओच्या छपराखाली, साउंड चोख, परदेशी नावं आणि त्यांच्या जोडीला शिलाँगच्या सोलमेट बँडसारखे आपले लोक. दोन दिवसांत जे कानावर पडतं ते एरवी ऐकायला विमानाचं तिकीट काढावं लागेल. तोटे म्हणाल तर तासन् तास उभं राहून पायांचे तुकडे पडतात, आणि गर्दीत गप्पा मारायला आलेली मंडळी बरीच. हळू गाणं सुरू झालं की मागून शेअर बाजाराची चर्चा ऐकू येते.

उघड्यावर आवाजाचं काय होतं

इथे थोडं शास्त्र आलं, पण पैसे तुमचे आहेत. उघड्या रानात आवाज परतवायला भिंती नसतात. एका जागेवरून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून दहा पावलांवर जे छान वाटतं, ते चाळीस पावलांवर बारा डेसिबलने कमी. आयोजक मग बास वाढवत नेतो आणि पुढे बसलेल्यांचं डोकं दुखतं.

गंमत म्हणजे तोच आवाज दोन गावं पलीकडे स्वच्छ जातो. हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यामानाने उबदार राहते. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो. दिवसा पाड्यावर न पोहोचणारी गिटार रात्री नऊला तिथल्या तान्ह्या पोराला उठवते.

त्यात रात्री दहाचा नियम. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस बहुतेक सणावारांना जातात. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. फार्महाउस आहे, कोण बघतंय, असं म्हणणारा आयोजक भेटला तर तिकीट काढूच नका. पावणेअकराला पोलिसांची गाडी येते, जनरेटर बंद होतो आणि मुख्य बँड राहून जातो. तिकिटाचे पैसे परत करायला मग कुणी फोन उचलत नाही.

दहाला स्पीकर बंद करून पुढची मैफल बिनमाइकची असं जो आयोजक आधीच जाहीर करतो, त्याच्याकडे डोळे मिटून जा. शेतावरच्या कार्यक्रमाचा खरा भाग तिथून सुरू होतो.

दहानंतरचं शेत

भाताची कापणी होऊन खाचरं रिकामी झालेली. बांधावर सतरंज्या, मध्ये शेकोटी, तीस-चाळीस माणसं. धातूच्या अंगाची रेझोनेटर गिटार अशाच वेळी कळते. अँप्लिफायर नव्हते तेव्हा नुसत्या गिटारचा आवाज मोठा व्हावा म्हणून १९२० च्या दशकात ती बनली. बोटात काचेची नळी घालून वादक तारेवरून घसरत जातो तेव्हा तारेची खरखरसुद्धा ऐकू येते. ही खरखर माइकमधून येते तेव्हा दोष वाटते, इथे तीच तर ऐकायची असते.

दव पडायला लागलं की वाद्यं कुरकुरतात. गारव्याने पोलादी तारा आखडून सूर चढतो, तर कातडी वाद्यं ओल धरून उतरतात. गिटारवाला दर गाण्याआधी खुंट्या पिळत बसतो आणि शेजारी हलगीवाला काही न बोलता हलगी शेकोटीवर धरून फिरवतो, बोटाने टिचकी मारतो, पुन्हा धरतो. कातडं ताणून टणत्कार निघाला की मान हलवतो. आमच्या गिटारवाल्या मित्रांनी हा प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा डिजिटल ट्यूनर गुपचूप खिशात घातले.

रूट्सच्या नावाखाली आयोजकाने कुणाला बोलावलंय, हे म्हणूनच नीट बघा. नुसते इंग्रजी गाणारे चार बँड असतील तर त्यासाठी रानात जायची गरज नाही. पण गोंधळी असतील, संबळ-तुणतुणं असेल, तर तिकीट वसूल. मिसिसिपीत गरिबाघरची पोरं भिंतीला एक तार ठोकून, तिच्याखाली बाटली सारून वाजवायला शिकायची. आपलं तुणतुणंही एका तारेचंच. ब्लूजमध्ये गायक एक ओळ टाकतो आणि गिटार तिला उत्तर देते. गोंधळात तेच काम मागून सूर धरणारे झीलकरी करतात. दोघांना शेजारी बसवलं तर कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही. जव्हार-डहाणूकडचा तारपावाला आला असेल तर स्पीकर लागतच नाही. दुधीभोपळा आणि बांबूचं ते वाद्य श्वास न तोडता वाजत राहतं आणि लोक आपसूक फेर धरतात. नवी मुंबईच्या आसपास कार्यक्रम असेल आणि आयोजकाने आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या एखाद्या धवलारणीला बोलावलं असेल, तर तो आयोजक जाणता समजावा. असा आयोजक अजून विरळाच.

शेतावरच्या महोत्सवांचा सगळ्यात मोठा पूर्वजही ब्लूजमधूनच आलाय. इंग्लंडमध्ये मायकेल ईव्हिस नावाच्या दुधाच्या शेतकऱ्याने १९७० साली बाथचा ब्लूज महोत्सव पाहिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात स्वतःच्या वर्दी फार्मवर कार्यक्रम केला. तिकीट एक पौंड, दूध फुकट. हाच पुढे ग्लॅस्टनबरी झाला. आजही ते मधूनमधून एक वर्ष कार्यक्रम न करता जमिनीला विसावा देतात, २०१८ मध्ये दिला तसा. आपल्याकडे खाचरात दोनशे गाड्या घालून बांध फोडणाऱ्यांनी एवढं तरी उचलायला हरकत नाही.

जाणं-येणं, खाणं, बाकीची उस्तवार

वांद्रे सोपं. ठाण्याहून दादरला बदलून वांद्रे, नवी मुंबईहून हार्बरने वडाळ्याला बदलून वांद्रे, पुढे हिल रोडपर्यंत रिक्षा. परतीला शेवटच्या लोकलवर डोळा ठेवा, एवढंच.

शेताचं गणित वेगळं. ठाण्याहून कर्जत लोकलने दीड तासाच्या आत-बाहेर, शहापूरला आसनगावला उतरून पुढे, आणि मुरबाडला रेल्वेच नाही. कल्याणहून एसटी नाहीतर स्वतःची गाडी. स्टेशनपासून शेत आणखी पाच-दहा किलोमीटर आत असतं आणि अंधार पडल्यावर टमटम मिळत नाही. रात्रीच परतायचं असेल तर जाऊच नका. दहाच्या आधी निघालात तर हाती फक्त स्पीकरवाला भाग लागतो, जो वांद्र्याला कितीतरी बरा मिळाला असता.

खाण्यात शेत सहज जिंकतं. जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या बाजूला वालाच्या शेंगा असतात आणि भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात लावलेली पोपटी असते. वांद्र्याला बर्गर मिळतो.

संडास ही मात्र शेताची दुखरी बाजू. बुकिंगआधी फोन करून विचारा: किती माणसांमागे किती, बायकांसाठी वेगळे का, रात्री दिवा आणि पाणी असतं का. उत्तर देताना समोरचा हसला तर बेत रद्द करा. जनरेटर मंचापासून किती लांब तेही विचारा, नाहीतर हळुवार गाण्याखाली त्याची घरघर फुकट ऐकावी लागेल. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन असलेलं सर्वात जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, हा प्रश्न तर विचाराच. या भागात घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. हातात बॅटरी आणि पायात बूट हवेत.

मग कुणी कुठे जावं

घरात विजेची गिटार शिकणारं पोरगं असेल तर वांद्रे. जगातले चांगले हात दहा फुटांवरून बघणं त्याला यूट्यूबच्या शंभर धड्यांपेक्षा जास्त शिकवेल. गुडघे दुखणारे बाबा बरोबर असतील तर शेत, पण खुर्ची घरून न्या. सतरंजीवरून उठवायला दोघं लागतात. तान्हं मूल असेल तर यंदा दोन्ही राहू द्या, उपवनला जा.

ज्यांना ब्लूज नवा आहे त्यांना मी शेताकडेच वळवतो. मोठ्या आवाजात सगळा ब्लूज पहिल्यांदा एकसारखाच वाटतो. शेकोटीजवळ शब्द कळतात, तीन ओळींची रचना कळते, पहिली ओळ दुसऱ्यांदा का येते तेही कळतं. जुने कानसेन मात्र वर्षभर पैसे साठवून वांद्र्यालाच जातात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

तिकिटाची तुलना करताना आकड्याला फसू नका. शेताचं तिकीट महाग दिसतं, पण त्यात तंबू, जेवण आणि सकाळचा चहा असतो. वांद्र्याच्या तिकिटात आत उभं राहण्याचा हक्क असतो, बाकी सगळं वेगळं. शेताचं बुकिंग करण्याआधी अवकाळी पाऊस आला तर पैसे परत मिळतात की पुढची तारीख, हे लेखी मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज चालतो, तोंडी शब्द नाही. आणि पोस्टरवर कलाकारांच्या नावांपेक्षा प्रायोजकांची नावं जास्त असतील तर तो कार्यक्रम शेतावर असो की स्टुडिओत, एक वर्ष थांबून दुसऱ्यांचे अनुभव ऐका.