बोलोन्यातलं वऱ्हाड: काय बघावं, काय खावं

मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न इटलीतल्या बोलोन्याला झालं. मी इथे सहा वर्षं राहते, त्यामुळे बावीस पाहुण्यांना तीन दिवस फिरवायचं आणि जेवू घालायचं काम माझ्याकडे होतं. आता ओळखीतलं आणखी एक कुटुंब लग्नासाठी येतंय आणि तेच प्रश्न विचारतंय, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

आधी खाण्याचं, कारण चूक तिथेच होते. ‘स्पॅगेटी बोलोनेझ’ इथे मागू नका. इथला रागू, म्हणजे गोमांस आणि डुकराच्या मांसाचा सॉस, ताल्यातेल्ले या पट्टीसारख्या पास्त्याबरोबर खातात. ही पट्टी शिजल्यावर 8 मिलिमीटर रुंद हवी, असं 1972 साली इथल्या व्यापारी मंडळाच्या दफ्तरी नोंदवलेलं आहे. मांसाहारी मंडळींनी रागू आणि मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं मोठं सॉसेज) दोन्ही खावं. मोर्तादेल्ला कागदासारखी पातळ कापून मागा, जाड तुकड्यात ती मजा नाही.

शाकाहाऱ्यांनी मात्र नावं नीट पाठ करावीत. पहिल्या रात्री मुख्य चौकाजवळच्या एका हॉटेलात मी आधी फोन करून सांगून ठेवलं होतं, तरी आत्यासमोर तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, आले. त्यांच्या सारणात डुकराचं मांस असतं आणि ते मांसाच्या रश्श्यातच वाढतात. आत्याने चमचा खाली ठेवला आणि काही बोलली नाही. मला फार वाईट वाटलं. मागायचं ते तोर्तेल्लोनी: आकाराने मोठे, आत रिकोत्ता हे मऊ चीज, वर लोणी आणि सेजची पानं. नावात एका अक्षराचा फरक, ताटात जमीन-अस्मानाचा. आणि काटेकोर शाकाहारी असाल तर पार्मिजानो चीजही टाळा, ते वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ लागला तर वाद घालू नका, तो बसण्याचा रिवाजी आकार आहे.

हे तोर्तेल्लोनी बनताना बघायला चौकामागच्या क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्यांत सकाळीच जा, दुपारनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. एका दुकानाच्या काचेआड एक बाई पिठाची पोळी लाटत होती. लाटणं तिच्या हाताहून लांब, पोळी पाटाच्या कडेवरून खाली लोंबलेली, त्या वजनानेच ताणली जाणारी. मग चौकोन कापले, रिकोत्ताचा ठिपका, घडी, आणि बोटाभोवती एक वळसा. माझी आई आणि मावशी पाऊण तास तिथून हलल्या नाहीत. आम्ही तोर्तेल्लोनी तिथूनच कच्चे घेतले आणि घरी उकडले. तीन दिवसांतलं सगळ्यात चांगलं जेवण ते.

गोडात तोर्ता दी रिझो. दुधात शिजवलेला तांदूळ, साखर, अंडी, बदाम, पाकवलेलं महाळुंग. भाजून शंकरपाळ्याच्या आकारात कापतात. अंडं चालत असेल तर चुकवू नका.

बघण्यासारखं म्हणजे इथल्या कमानींचे ओटे, म्हणजे पोर्तिको. 2021 पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. पाऊस आला तरी सावलीसारखे बरोबर चालतात. सान लुकाच्या टेकडीपर्यंत 666 कमानींची एक रांग जाते, सुमारे पावणेचार किलोमीटर. मेलोन्चेल्लोच्या कमानीनंतर चढ खडा आहे. गुडघे दुखणाऱ्यांना मुख्य चौकातून सुटणारी छोटी पर्यटक गाडी घ्यायला लावा. बाकीच्यांनी सकाळी चालावं.

दोन मनोऱ्यांवर चढायचं मनात असेल तर सोडा. त्यातल्या कलणाऱ्या गारिसेंदाच्या काळजीमुळे 2023 च्या ऑक्टोबरपासून परिसराला कुंपण आहे आणि दुसरा मनोरा आसिनेल्लीही बंद आहे. खालून बघा आणि पुढे चला.

त्या वेळात सान पेत्रोनियो चर्च बघा. बाहेरून खाली संगमरवर, वर उघड्या विटा. दर्शनी भाग कधी पुरा झालाच नाही. आत फरशीत खगोलशास्त्रज्ञ कास्सिनीने 1655 साली आखलेली सुमारे 67 मीटरची रेघ आहे. छताच्या भोकातून आलेला उन्हाचा गोल ठिपका खऱ्या मध्यान्हीला बरोबर तिच्यावर येतो. मे महिन्यात घड्याळात तेव्हा सव्वा वाजायला आलेला असतो, म्हणून चर्च त्या वेळी उघडं आहे ना ते आधी बघून ठेवा. माझे काका इंजिनिअर. ठिपका रेघेवरून सरकून जाईपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत.

लग्न त्याच चौकातल्या पालाझ्झो दाक्कुर्सियोमध्ये, नगरपालिकेच्या लाल दालनात लागलं. तिथून बाहेर पडलात की चौकातल्याच पालाझ्झो देल पोदेस्ता या इमारतीखालच्या कमानीत नक्की जा. चार कोपरे आहेत. एकाने एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हळू बोलायचं, समोरच्या तिरक्या कोपऱ्यातल्याला ते छताच्या वळणावरून कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. मधल्या गर्दीला काही कळत नाही. आम्ही आत्याला एका कोपऱ्यात उभं केलं, नवरीला दुसऱ्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आत्या भिंतीशी कान लावून थांबली, आणि मग वळून आमच्याकडे बघायला लागली, डोळे भरलेले. नवरीने पाठ करून आणलेलं एकच वाक्य म्हटलं होतं, “आत्या, जेवलात का?”