कीज रँचची फेरी : तिकीट वसूल, पण गिरणी चुकवू नका

कॅलिफोर्नियात जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातल्या कीज रँचवर, म्हणजे बिल कीज या माणसाच्या जुन्या घर-शेतावर, रेंजरशिवाय (उद्यानाच्या कर्मचाऱ्याशिवाय) आत सोडत नाहीत. तिकीट आधीच ऑनलाइन काढायचं, उद्यानाचं प्रवेशशुल्क वेगळं. फेऱ्या फक्त थंडीच्या मोसमात होतात. फाटक कुलूपबंद असतं, त्यामुळे उशीर झाला की पैसे बुडाले. मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, तिकीट आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

फेरी साधारण दीड तासाची, चालणं जेमतेम किलोमीटरभर. बिल कीज १९१० मध्ये या भागात आला, १९१७ मध्ये त्याने १६० एकरांवर सरकारी वसाहत योजनेत दावा लावला आणि तुरुंगातली वर्षं सोडता १९६९ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. घर, मुलांची शाळा, दुकान, कारखाना शाबूत आहेत. अंगणात बंद पडलेल्या खाणींतून उचललेली यंत्रं आणि सुटे भाग पसरलेत. भंगार वाटतं, पण तोच त्याचा धंद्याचा माल. गुरं, फळबाग, खाणकाम असं सगळं एकाच माणसाने चालवलं ते पाणी अडवल्यामुळे, हे रेंजर नीट समजावतात. खनिजातून सोनं कसं काढत, ते मात्र इथे उमगत नाही.

त्यासाठी वॉल स्ट्रीट मिलला, म्हणजे कीजच्या खनिज दळायच्या गिरणीला जा. जाऊन-येऊन सुमारे तीन किलोमीटर, वाट सपाट. आपल्या पिठाच्या गिरणीसारखी कीज इथे दुसऱ्यांचीही दळणं घ्यायचा. उतारावरच्या या गिरणीत दगड वरून शिरतो: आधी जबड्यासारख्या यंत्रात फुटतो, मग कॅम (फिरत्या दांड्यावरचे बाकदार तुकडे) ज्यांना उचलून सोडतात त्या दोन लोखंडी मुसळांखाली पाण्यासकट कुटला जातो. जाळीतून गळलेला राडा पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून वाहतो आणि पारा सोनं धरून ठेवतो. तो खरवडून तापवला की पारा उडतो, सोनं उरतं. मुसळांच्या दांड्या आणि कॅम नीट न्याहाळा, गंमत तिथेच आहे.

वाटेत कीजने ११ मे १९४३ रोजी शेजारी वर्थ बॅगलीला जिथे गोळी घालून मारलं, तिथली खूण लागते. भांडण रस्त्याच्या वहिवाटीचं (हे आपल्याकडे कुणाला समजावायला नको!). कीजने सॅन क्वेंटिनचा तुरुंग भोगला. माफी १९५६ मध्ये मिळाली.

सावली जवळपास नाही, वाटेत पाणी कुठेच मिळत नाही. माणशी दोन लिटर न्या. जुन्या खाणींत शिरू नका. गंजका डबाही उचलायचा नाही, तो कायद्याने संरक्षित आहे. गिरणीची वाट बार्कर धरणाच्या पार्किंगपासून सुरू होते आणि शनिवार-रविवारी ते लवकर भरतं, म्हणून सकाळी आधी गिरणी आणि मग रँच.