स्वरसाधनेला पेटी की तानपुरा?

गाणं नुकतंच सुरू केलंय आणि रियाजाला पेटी घ्यावी की तानपुरा, हे ठरत नाहीये? मेहनतीच्या बाबतीत पेटी सोपी: पट्टी दाबली की सा, रे, ग हजर. तानपुरा आधी जुळवावा लागतो, तारेखालचा, नाद खुलवणारा जवारीचा दोरा सरकवत बसावं लागतं. सुरेलपणात मात्र तानपुराच वरचढ. खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार नीट लागली की तिच्यातून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो. पेटीचा शुद्ध गंधार त्याहून किंचित चढा असतो. शिवाय पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, नाही, भैरव रागातला आंदोलित (हळुवार झुलणारा) कोमल रिषभ, म्हणजे उतरलेला रे, तर नाहीच नाही. स्वरांची अजून ओळखच नसेल तर खुशाल पेटी घ्या. सातही स्वर ओळखू येत असतील आणि राग गायचा असेल, तर तानपुराच लावा.