लिनन की पॉलिएस्टर? चामड्याच्या हातशिलाईचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा कडीपाशी उसवला आणि दोऱ्याचा प्रश्न नव्याने समोर आला. पट्टा झाडाच्या सालीने कमावलेल्या जाड चामड्याचा असून तो १८/३ लिननने (जवसाच्या रोपाच्या तंतूंच्या तीन पदरी दोऱ्याने), एकाच दोऱ्याला दोन सुया लावून शिवलेला होता. चामडे शाबूत होते, पण कडी जिथे घासत होती तिथला दोरा पिंजून तुटला होता. घामाने वारंवार भिजणाऱ्या भागात तर तो काळपट पडून नखाने ओढताच सुटत होता. लिनन ओले असताना कोरड्यापेक्षा अधिक ताण सोसते हे खरे आहे. पण ओल तशीच मुरत राहिली की हा वनस्पतिजन्य धागा कुजतो, आणि मेणाचा थर झिजल्यावर त्याला कोणतेच संरक्षण उरत नाही. तरीही एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे: तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे टाके जागचे हललेले नव्हते.

पट्टा पुन्हा शिवताना मी ०.८ मिलिमीटरचा, वेणीसारखा गुंफलेला, मेण लावूनच येणारा पॉलिएस्टरचा दोरा वापरला आणि पहिले काही आठवडे त्याच्यावर बेहद्द खूश होतो. लिननमध्ये मधेच येणाऱ्या जाडसर गाठी यात नाहीत, सुईत ओवण्यासाठी टोक सुरीने खरवडून निमुळते करावे लागत नाही, आणि लांब शिवणीसाठी एकच लांब तुकडा घेता येतो. लिननचा तुकडा फार लांब घेतला तर भोकांतून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन शेवटच्या टाक्यांपर्यंत बारीक होतो. त्यामुळे मधे जोड द्यावा लागतो आणि प्रत्येक जोडापाशी बराच दोरा वाया जातो. रिळातला वीतभर दोराही टाकताना ज्याचा जीव वरखाली होतो, त्याला हा फरक लहान वाटणार नाही. नायलॉनचा विचार मी फार केला नाही; तो ताणतो, आणि उन्हात पॉलिएस्टरइतका टिकत नाही.

माझे मत बदलले ते शेवटच्या टाक्यामुळे. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून दोन-तीन टाके उलटे घेऊन टोक कापायचे आणि लायटरने वितळवून दाबायचे, अशी सर्वमान्य पद्धत आहे. टोक जरा लांब राहिले तर कडक मणी तयार होतो, जो बोटाला लागतो आणि कपड्यात अडकतो. फार आखूड कापले तर वितळलेला भाग कशालाच धरत नाही. ज्योत क्षणभर जास्त जवळ गेली तर फिक्या चामड्यावर कायमचा करपट डाग पडतो, आणि पांढऱ्या दोऱ्याचे टोक तपकिरी होते ते वेगळेच. मणी निघून पडला की गुळगुळीत दोरा मागे सरकू लागतो. माझ्या पट्ट्यावर शेवटचे दोन टाके असेच सैल झाले. याउलट लिननचे टोक चामड्यालगत कापावे, भोकात डिंकाचा एक थेंब सोडावा आणि शिवणीवर हलकी हातोडी मारावी. भोक मिटते आणि शिवण कुठे संपली हे शोधावे लागते. एवढ्याशा टोकाला मी एवढे महत्त्व का देतो, असे कोणी विचारील, पण हातशिलाई करणाऱ्याचे काम प्रथम तिथेच पाहिले जाते.

मेणाबद्दलही माझे मत पालटले आहे. लिननचा दोरा मधमाशीच्या मेणावरून दोन-तीनदा ओढून बोटांच्या उबेने ते मेण पिळात जिरवणे मला सुरुवातीला वेळखाऊ वाटत असे. आता प्रत्येक कामासाठी मेण कमी-जास्त ठेवता येते हेच मोलाचे वाटते, कारण तयार मेणाचा पॉलिएस्टर दोरा कधी इतका चिकट असतो की बारीक भोकांच्या तोंडाशी मेणाचे कण साचतात.

मधल्या काळात एका विक्रेत्याने लिनन म्हणून पाठवलेले रीळ चक्क पॉलिएस्टरचे निघाले. तुकडा जाळल्यावर लिनन कागदासारखे जळून मऊ राख उरते. याचा मात्र आक्रसून काळा, कडक गोळा झाला. विक्रेत्याने ‘रीळ उघडले आहे’ एवढेच उत्तर देऊन परतावा नाकारला, याचा राग अजून आहे. रीळ हाती येताच आधी टोक जाळून पाहावे.

आता पाकिटे, वहीची वेष्टने आणि दिसणाऱ्या सगळ्या शिवणी मी लिननने करतो. चामडे वापराने गडद होते तसा तो दोराही गडद होतो, तर पॉलिएस्टर पहिल्या दिवशीइतकेच उजळ राहून वेगळे उठून दिसते. कडी, बक्कल आणि घामाच्या जागा मात्र पॉलिएस्टरच्याच. तिथे दोन्ही टोके बाहेर न ठेवता चामड्याच्या दोन थरांमध्ये काढतो आणि तिथेच वितळवतो, म्हणजे मणी आत दबून राहतो आणि थर एकमेकांना चिकटवले की त्याला सुटायला वाव मिळत नाही.