महाग होतं म्हणूनच खरं वाटलं: प्रायमरच्या टंचाईत गेलेले ७६४ डॉलर

डॅलसच्या आसपास राहणारे, रेंजवर जाणारे आणि घरी स्वतः काडतुसं भरणारे जे मराठी लोक आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनीही वाचावं, कारण माल कुठलाही असो, टंचाई आली की लुबाडणारे याच वाटेने येतात. एका खोट्या वेबसाइटवर प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, आतली दारू पेटवणारी छोटी टोपी) मागवले आणि माझे ५८४ डॉलर एकदा गेले, १८० नंतर गेले. त्यातले दोन हजार प्रायमर मित्रासाठी होते, त्याचे १६४ डॉलर मी खिशातून परत केले. "दादा, तुम्ही मागवताय तर माझेही दोन हजार घ्या," असं तो विश्वासाने म्हणाला होता. त्याला फोन करून हे सांगताना किती लाज वाटली, ते माझं मला माहीत.

आधी टंचाईबद्दल. मी ९ एमएम पिस्तुलाच्या स्पर्धा खेळतो, सरावाला तयार काडतुसं परवडत नाहीत. पितळेची पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते. शिशाची गोळी ओतता येते. बंदुकीची दारू एका काडतुसाला चारेक ग्रेन लागते आणि एका पौंडात सात हजार ग्रेन असतात, म्हणजे ती पुरवून पुरवून वापरता येते. प्रायमरचं तसं नाही. काडतुसाला एक, उडाला की संपला, आणि ती घरी करायची वस्तूच नव्हे. २०२० च्या मार्चपासून आधी कोरोना, मग निवडणूक. त्या एका वर्षात शस्त्रखरेदीच्या केंद्रीय पार्श्वभूमी तपासण्या जवळजवळ ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. प्रायमर बनवणारे मोठे अमेरिकी कारखाने बोटांवर मोजण्याइतके: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. त्यातल्या रेमिंग्टनने त्याच जुलैमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. मागणी वाढली की कारखाने आपले प्रायमर आधी आपल्याच तयार काडतुसांत घालतात. सुटे विकायला उरतील ते उरतील.

पूर्वी हजाराचा बॉक्स ३० ते ३५ डॉलरला सहज मिळायचा. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या दुकानात माणशी शंभर, तेही सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत उभं राहिलात तर. गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शनात, टेबलावर हजाराला १२० ते १५० डॉलर. तो भाव बघून संताप यायचा, पण निदान पैसे दिले की बॉक्स हातात पडायचा. आज वाटतं, तिथेच घेतले असते तर बरं झालं असतं.

मला लुबाडणाऱ्या त्या वेबसाइटवर भाव होता हजाराला ८२ डॉलर. हे नीट लक्षात घ्या. सगळे सांगतात, "फार स्वस्त दिसलं की संशय घ्या." ८२ डॉलर स्वस्त कुठून? जुन्या भावाच्या अडीचपट! २५ डॉलर असता तर मी पानसुद्धा उघडलं नसतं. या लोकांना बाजार माहीत असतो. गन शोपेक्षा थोडा कमी आणि दुकानाच्या जुन्या भावापेक्षा पुष्कळ जास्त, असा भाव ते ठरवतात, आणि घेणाऱ्याला वाटतं की आपणच जरा जास्त मोजतोय, म्हणजे समोरचा खरा व्यापारी असणार.

पाच हजार स्मॉल पिस्टल प्रायमर, ४१० डॉलर. टाइटग्रुप दारूचा चार पौंडांचा डबा, १३९. पाठवणावळ ३५. एकूण ५८४. पान व्यवस्थित होतं, मोंटानामधल्या एका दुकानाचा पत्ता होता, आणि ते दुकान खरोखर आहे. मी नकाशावर बघितलं होतं, त्यामुळे "चौकशी न करता पैसे टाकले" असं मला कुणी म्हणू नये. त्या बिचाऱ्या दुकानदाराचं नाव आणि पत्ता चोरलेला होता. नंतर मी त्याला फोन केला तेव्हा मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "प्रायमरबद्दल ना?" तेवढा एक फोन आधी केला असता तर! पत्ता खरा आहे का हे बघून भागत नाही. दुकानाचा नंबर वेबसाइटवरून न घेता दुसरीकडून शोधा आणि ऑर्डर क्रमांक सांगून विचारा.

कार्ड चालत नव्हतं. "सध्या कार्ड बंद आहे, बँकेच्या ॲपमधून थेट पाठवा," असा मेल आला. हेही पटण्यासारखंच होतं, कारण बऱ्याच पेमेंट कंपन्या दारूगोळ्याचे व्यवहार खरंच घेत नाहीत, हे आपल्या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढे लिहिलं होतं की टिपणीच्या रकान्यात प्रायमर, पावडर, गन यांतलं काही लिहू नका, फक्त ऑर्डर क्रमांक टाका, नाहीतर बँक व्यवहार अडवेल.

आणि मग तो स्क्रीन, जो मला अजून दिसतो. रात्री अकरा वाजून गेले होते, मुलं झोपली होती, मी स्वयंपाकघरात उभा होतो. ॲपमध्ये नंबर टाकला आणि वर नाव आलं ते एका बाईचं. दुकानाचं नाव कुठेच नाही. खाली प्रश्न: "या व्यक्तीला तुम्ही ओळखता का? ओळखीच्या माणसालाच पैसे पाठवा." बोट थांबलं होतं. खरंच थांबलं होतं. वेबसाइटवर मागे जाऊन बघितलं तर माझ्या प्रायमरपुढे "फक्त ७ शिल्लक" असं लाल अक्षरांत. लहान गावातलं दुकान, नवराबायको मिळून चालवत असतील, खातं बायकोच्या नावावर असेल, असा विचार केला आणि "हो" दाबलं. आपल्याकडे किती दुकानांची खाती घरच्यांच्या नावावर असतात! सहा महिने रांगेत उभं राहून रिकाम्या हाताने परतलेल्या कुठल्याही माणसाने हेच केलं असतं. पण त्या नावाशीच थांबायला हवं होतं. दुकानाचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल तर विषय तिथेच संपवा, कारण कितीही पटणारं असो.

आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती. त्या साइटवर सगळंच शिल्लक होतं. स्मॉल पिस्टल, लार्ज पिस्टल, स्मॉल रायफल मॅग्नम, सगळ्या कंपन्यांचं. देशात कुठे काही मिळत नसताना एकाच दुकानात सगळं!

दोन दिवसांनी ट्रॅकिंग क्रमांक आला, टपाल खात्याचा. प्रायमर अमेरिकी टपालाने पाठवताच येत नाहीत, त्यांना बंदी आहे. ते धोकादायक माल (हॅझमॅट) म्हणून खासगी कुरिअरच्या जमिनीवरच्या सेवेने येतात आणि त्याचं वेगळं हॅझमॅट शुल्क लागतं. माझ्या बिलात ते शुल्कच नव्हतं. पण मोठी दुकानंही सवलतीच्या काळात हॅझमॅट माफ करतात, म्हणून ते खटकलं नाही. टपालाचा क्रमांक मात्र खटकला. मी मेल केला, आणि उत्तर आलं की माल कुरिअरकडे अडकला आहे, परत मिळणारा विमा म्हणून १८० डॉलर भरा, पोचल्यावर लगेच परत करू. ५८४ अडकलेले असताना १८० साठी माल सोडायचा का? भरले. त्यानंतर मेलला उत्तर नाही.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांचं ऐका. बँकेत अर्धा तास फोन धरून ठेवल्यावर उत्तर मिळालं: "व्यवहार तुम्हीच मंजूर केला आहे." कायद्याचं संरक्षण तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर आहे, फसवून तुमच्याच बोटाने पाठवायला लावले तर नाही. मग ज्या बँकेत पैसे गेले तिथे फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, तुम्ही आमचे ग्राहक नाही, आम्ही बोलू शकत नाही. अहो, चोराचं खातं तुमच्याकडे, त्याचा नंबर मी देतोय, ते गोठवा एवढंच म्हणतोय! नाही. शहराच्या पोलिसांनी फोनवरच तक्रार घेतली. अधिकाऱ्याने प्रायमर म्हणजे भिंतीला रंगाआधी लावतात तो का, असं विचारलं. समजावून सांगितल्यावर त्याचा सूर बदलला आणि प्रश्न मलाच सुरू झाले: इतके कशाला हवेत, घरी किती ठेवता, कोण कोण वापरतं. मी अमेरिकन नागरिक आहे, माझा छंद कायदेशीर आहे, चोरी माझी झाली आहे, आणि सफाई मीच द्यायची! शेवटी एक क्रमांक मिळाला आणि "आमच्या हद्दीतलं नाही" हे वाक्य. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर तासभर बसून सगळं भरलं, मेल आणि पावत्या जोडल्या. यंत्राने पाठवलेली पोच आली, त्यापुढे आजवर एक ओळ नाही. राज्याच्या ग्राहक कार्यालयाचं पत्र आलं की आम्ही वैयक्तिक वकील म्हणून काम करत नाही. वकील मागितला होता कुणी? ज्या कंपनीकडे त्या साइटचं नाव नोंदवलं होतं तिलाही पुरावे पाठवले. साइट पुढे कित्येक आठवडे चालू होती, लोक पैसे भरत होते. बंद झाल्यावर तेच फोटो, त्याच बॉक्सवरचा तोच लॉट क्रमांक, दुसऱ्या नावाच्या साइटवर दिसला.

साइटचं नाव कधी नोंदवलंय ते फुकट बघता येतं. माझ्या वेळी ते जेमतेम पाच आठवड्यांपूर्वीचं निघालं. दुकान म्हणे १९८७ पासूनचं. पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. कार्ड घेत नाहीत तर माल नको. भाव अजूनही जुन्या ठिकाणी आलेले नाहीत, त्यामुळे या साइट्स संपलेल्या नाहीत, दारूच्या डब्यांवरही हेच चाललंय.

ज्यांनी पैसे पाठवलेत आणि आता "परत मिळणारा विमा" मागितला जातोय, त्यांनी तो भरू नका. आत्ताच बँकेला फोन करा, नकार मिळाला तर तो लेखी मागा. आणि तक्रारी केल्यानंतर कुणी "तुमचे पैसे आम्ही काढून देतो" म्हणत आलं तर त्याला उत्तरही देऊ नका. मला असा मेल आला, त्यात माझा ऑर्डर क्रमांक बरोबर होता आणि फी होती ९५ डॉलर. तो क्रमांक माझ्याशिवाय फक्त त्या चोरांकडे होता.